तहसील कचेरीतून अरबीकडे

नागपुरात सदरहून निघून मोमिनपुऱ्यातून महालात पोचणारा माणूस वाटेत तीन अरबी धातू, म्हणजे शब्दांची मुळं, ओलांडतो. ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढचा भाग. त्याच धातूतून ‘मस्दर’ निघतो, म्हणजे उगम, आणि अरबी व्याकरणात क्रियापदापासून बनलेल्या नामालाही हेच नाव आहे. मोमिनपुऱ्यातल्या ‘मोमिन’च्या घरात ईमान, अमानत, अमीन, अमन ही सगळी मंडळी नांदतात. ‘महाल’ हा मुळात ‘महल्ल’. गाठ सोडायची, ओझं उतरवायचं, मुक्कामाला थांबायचं, ही त्यामागची कल्पना, आणि मोहल्ला व हलाल ही त्याची भावंडं.

विद्यापीठात इंग्रजी साहित्य किंवा तौलनिक साहित्य शिकताना जोडीला अरबी घेणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. त्या वाचकाला अरबी शब्द म्हणजे कोरी भिंत. मराठी माणसासमोर मात्र त्या भिंतीत आधीच शेकडो खिडक्या आहेत. त्यातल्या बऱ्याच फारसीच्या कारागिरांनी बसवल्या, त्यामुळे काही तिरक्या आहेत, काहींच्या काचा रंगीत आहेत. त्या कुठे सरळ दाखवतात आणि कुठे फसवतात, हे कळलं की अर्धं काम झालं.

आधी वेळेचा हिशोब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी अरबीला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० वर्गतास धरते. फ्रेंच-स्पॅनिशला लागतात त्याच्या जवळपास तिप्पट. आता आपल्याकडचं गणित मांडू. आठवड्याला चार तास, वर्षाला तीस आठवडे, म्हणजे १२० तास, आणि तीन वर्षांत ३६०. एवढ्यात अरबी ‘येत’ नाही, आणि तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ३६० तासांत एवढं मात्र नक्की होतं: शब्दकोश हाताशी ठेवून साध्या गद्याचं एक पान तासा-दीड तासात वाचता येतं, आणि एखादं इंग्रजी भाषांतर समोर आलं तर मूळ कुठे वाकवलं आहे ते दाखवता येतं. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे दुसरं कौशल्य फार मोलाचं आहे. त्यासाठी संवादकौशल्याच्या मागे धावण्यापेक्षा वाचनावर जोर द्यावा.

लिपीला सहा आठवडे द्यावेत, आणि रोज हाताने लिहावं. अक्षरं २८. जागेप्रमाणे बहुतेकांची चार रूपं होतात: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े आणि वाव ही सहा अक्षरं डावीकडच्या अक्षराला हात देत नाहीत, आणि वाचताना शब्द मधेच तुटल्यासारखा दिसतो तो त्यांच्यामुळे. नवख्या वाचकाला एक शब्द म्हणजे दोन शब्द वाटतात. मोडी वाचलेल्यांना हा गोंधळ ओळखीचा वाटेल. तिथे उलट सगळं एका दमात जोडलेलं असतं आणि शब्द कुठे संपला ते शोधावं लागतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, अरबीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. दोन्हीकडे वाचकाला शब्द आधीपासून माहीत असावा लागतो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं. पहिला महिना ते सोयीचं वाटतं. नंतर लक्षात येतं की देवनागरीतल्या एका ‘ज’खाली अरबीतली पाच वेगळी अक्षरं गाडली गेली आहेत, ‘स’खाली तीन, ‘ह’खाली दोन, ‘त’खाली दोन. अर्ज, कर्ज, हजर, काझी, रमजान यांतला ज/झ मूळ अरबीत ‘दाद’ आहे, म्हणजे जड, घशाकडे ओढलेला ‘द’. तो फारसीच्या तोंडी ‘ज़’ झाला आणि तसाच आपल्याकडे आला. वजनातला ज वेगळा, नजरेतला वेगळा, जवाबातला त्याहून वेगळा. वहीत हे सगळे एकाच अक्षराने लिहिले की शब्दकोशात चुकीच्या पानावर जाण्याची सोय पक्की झाली.

मोमिनपुऱ्यातल्या उर्दू पाट्या वाचणं हा चांगला सराव आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. उर्दू नस्तालीक वळणात तिरकी उतरते, तर अरबी पुस्तकं नस्ख वळणात आडव्या ओळीवर बसतात. शिवाय प, च, ग, ट, ड यांसाठीची अक्षरं अरबीत नाहीत. उर्दू येणाऱ्या विद्यार्थ्याला लिपी आठवड्यात येते. पुढे वर्षभर उच्चारांची जुनी सवय मोडायला त्यालाच जास्त कष्ट पडतात.

उच्चारांत मराठी जिभेचा एक खास घोटाळा आहे. जड ‘त’ ऐकला की आपल्याला ‘ट’ ऐकू येतो. ‘ट’साठी जीभ मागे वळून टाळूला लागते. अरबी जड ‘त’साठी जिभेचं टोक दातांमागेच राहतं, अगदी ‘त’सारखं, फक्त जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि शेजारचा ‘आ’ थोडा ‘ऑ’कडे झुकतो. त्यामुळे अक्षराचा नाद सोडून शेजारच्या स्वराकडे कान द्यावा. फरक तिथे स्पष्ट ऐकू येतो. अंजीर आणि चिखल हे दोन्ही शब्द देवनागरीत ‘तीन’ असेच लिहिले जातील, फरक फक्त त्या त-चा. क़ाफसाठी जीभ पडजिभेपर्यंत मागे न्यावी लागते, कारण ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. प्रेमकविता मोठ्याने वाचताना हे विसरून चालत नाही.

आता धातू. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो आणि ठरावीक साच्यांत ओतला जातो. इंग्रजी पुस्तकं हे समजावायला लिहिण्याचा धातू घेतात: क-त-ब, किताब, कातिब, मक्तब. आपल्याला त्याहून चांगलं उदाहरण तहसील कचेरीत मिळतं. ह-स-ल, म्हणजे पदरात पडणं. ‘हासिल’ हे जे पदरात पडतं ते, ‘महसूल’ हे मिळवलेलं (आजच्या अरबीत पीक), आणि ‘तहसील’ ही मिळवण्याची, गोळा करण्याची क्रिया. कर्तरी, कर्मणी आणि क्रियावाचक नाम, तिन्ही साचे एकाच सरकारी इमारतीत! शेजारच्या टेबलावर अ-म-ल बसलेला आहे: अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार. आणि कोर्टात न-ज़-र: नजर, नाझर, मंजूर. ‘मंजूर’चा मूळ अर्थ फक्त ‘पाहिलेलं’.

क्रियापदाचे साधित साचे विद्यार्थ्यांना छळतात, कारण ते आकड्यांनी शिकवले जातात. दुसरा, तिसरा, चौथा, असं दहापर्यंत. त्या आकड्यांना काहीच चव नाही. त्याऐवजी प्रत्येक साच्यासमोर एक मराठी शब्द लिहावा. दुसऱ्यासमोर तहसील, तपशील, तालीम. तिसऱ्यासमोर मुकाबला आणि मुलाखत; हा साचा समोरच्या माणसाशी काहीतरी करण्याचा, म्हणून दोन्हींत दोन पक्ष आहेत. चौथा इशारा, इन्कार. पाचव्यासाठी मराठीत सहज शब्द सापडत नाही, तिथे उर्दू गझलेतला ‘तसव्वुर’ उसना घ्यावा. सहावा परस्परांचा: तफावत, आणि आपला ‘तमाशा’सुद्धा! म-श-य म्हणजे चालणं. अरबीत त्याचा अर्थ बरोबरीने चालणं, फारसीत तो फेरफटका आणि मग पाहण्याची गंमत झाला, आणि मराठीत ढोलकीवर येऊन थांबला. सातवा इन्किलाब, आठवा अखत्यार. नववा रंग आणि व्यंगं यांच्यापुरता असल्याने तो सध्या सोडून द्यावा. दहावा हिंदीतला इस्तेमाल, म्हणजे पुन्हा तोच अ-म-ल.

अनेकवचनांचंही असंच. अरबीत शब्दाच्या शेवटी प्रत्यय न लावता शब्दच आतून मोडून अनेकवचन करतात, आणि प्रत्येक शब्दाचं अनेकवचन वेगळं पाठ करावं लागतं. मराठीने यातली कितीतरी अनेकवचनं एकवचन समजून घरात घेतली आहेत. ‘अहवाल’ हे ‘हाल’चं अनेकवचन. ‘औलाद’ म्हणजे पुष्कळ मुलं, ‘औकात’ म्हणजे अनेक वक्त, ‘उमराव’ म्हणजे पुष्कळ अमीर, ‘औलिया’ म्हणजे पुष्कळ वली. ‘मवाली’ हे मौलाचं अनेकवचन. ‘असामी’ तर नावाच्या अनेकवचनाचं पुन्हा अनेकवचन. ताजबागेच्या दर्ग्यात ज्यांना आपण औलिया म्हणतो ते एकटेच, शब्द मात्र बहुवचनी. हे साचे (अफ्आल, फुअला, अफ्इला) अशा ओळखीच्या शब्दांवर टांगले की विसरायला होत नाहीत.

सरावात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. निर्जीव वस्तूंचं अनेकवचन अरबी व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचन धरलं जातं, म्हणून ‘पुस्तकं नवी आहेत’ याऐवजी जणू ‘पुस्तकं नवी आहे’. तीन ते दहा या संख्यांचं लिंग नामाच्या उलट चालतं. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं तर कर्ता अनेकवचनी असूनही ते एकवचनात राहतं. तीन लिंगं बिनचूक सांभाळणारा मराठी विद्यार्थी इथे हमखास चुकतो, कारण त्याचा कान जुळणीची मागणी करतो. नियम पाठ करून हे सुटत नाही. रोज पाच वाक्यं स्वतः रचून कुणाकडून तरी तपासून घ्यावी लागतात.

शब्दकोश वापरणं ही स्वतंत्र विद्या आहे. विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी हान्स वेअर यांचा कोश चालतो. मूळ जर्मन १९५२चा, त्याची इंग्रजी आवृत्ती १९६१ची. तो अकारविल्हे नाही, धातूवार आहे. समोरच्या शब्दातून आधी ‘अल्’ (इंग्रजी ‘द’सारखं उपपद) काढायचा, मग पुढचे-मागचे प्रत्यय, मग साच्याची अक्षरं, आणि उरलेली तीन व्यंजनं शोधायची. अडचण येते ती वाव किंवा य पोटात असलेल्या धातूंची, कारण ही अक्षरं रूप बदलतात, कधी गडपच होतात. ‘मीज़ान’ म्हणजे तराजू. विद्यार्थी तो मीमखाली शोधत बसतो आणि शब्द सापडतो वावखाली, कारण धातू व-ज़-न, आपलं वजन. ‘मुक्काम’ आणि ‘कायम’ हे एकाच धातूचे आहेत हे मराठी कानाला पटत नाही, पण दोन्ही क़-व-म, उभं राहणं. मधला वाव एकात आ झाला, दुसऱ्यात य. शब्द सापडला नाही तर मधे वाव घालून पाहावा, मग य, मग पहिलं अक्षर वाव धरून पाहावं. दहापैकी आठ वेळा एवढ्यात सुटतं.

तिरक्या खिडक्यांबद्दल थोडं सावध करायला हवं. ‘गरीब’ अरबीत परका, विचित्र; गरिबासाठी शब्द ‘फ़क़ीर’. ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती. ‘दौलत’ म्हणजे राज्य. ‘तालीम’ म्हणजे शिकवणं, तिथे लाल माती नाही. ‘मसुदा’ मात्र सुंदर आहे: काळा केलेला, म्हणजे शाईने भरलेला कागद. मराठी अर्थ अरबी मजकुरावर लादला की भाषांतर घसरतं, आणि ओळखीच्या शब्दावरच घसरतं, कारण अनोळखी शब्द आपण निदान शोधतो तरी.

इंग्रजीच्या बाजूनेही हेच धागे येतात. खजिना आणि मॅगझिन एकाच ख़-ज़-न कोठारातले. तारीफ आणि टॅरिफ एकाच घरचे. संत्र्याच्या शहरात हे सांगायलाच हवं, की संस्कृत नारंग फारसीतून अरबीत ‘नारंज’ झालं, स्पेनमध्ये ‘नारांहा’, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणून पोचलं. खुद्द अरबी मात्र आज गोड संत्र्याला ‘बुर्तुक़ाल’ म्हणते, पोर्तुगालच्या नावावरून.

गोष्टींचा प्रवास असाच असतो, आणि तौलनिक साहित्याला तिथे खरं काम मिळतं. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठात १९५६ साली तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग निघाला. नागपूरहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठात अरबी आणि तौलनिक साहित्य दोन्ही आहेत. पण प्रवेश कुठेही घ्या, पहिला निबंध पंचतंत्रावर लिहावा. सहाव्या शतकात ते इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुक़फ़्फ़ाने ते अरबीत आणलं, करटक-दमनक या कोल्ह्यांचे कलीला-दिम्ना झाले, तिथून हिब्रू, लॅटिन, इटालियन अशा मजला करत १५७० साली टॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजीत उतरलं. एवढं लिहून विद्यार्थी थांबतात, आणि हा नुसता प्रवासाचा नकाशा झाला. त्यापुढे विचारावं की वाटेत काय बदललं. संस्कृतात बैल मारला जातो आणि कारस्थानी दमनक मंत्री म्हणून टिकतो. अरबीत त्यानंतर एक आख्खं नवं प्रकरण येतं: दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात, आणि त्याला मरण येतं. नीतिशास्त्राच्या पुस्तकाला न्यायाधीशाची गरज का वाटली? इथून निबंध सुरू होतो.

अलादीनची गोष्ट याच्या उलटी. पॅरिसमध्ये गालाँ यांचं ‘अरेबियन नाइट्स’चं फ्रेंच भाषांतर १७०४ ते १७१७ या काळात निघालं, आणि ही गोष्ट त्यांना १७०९ साली सीरियातल्या हलबहून (अलेप्पोहून) आलेल्या हन्ना दियाबने तोंडी सांगितली. त्याआधीचं अरबी हस्तलिखित मिळत नाही. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या ग्रंथाच्या गोष्टी ‘अरबी भाषेतील’ म्हणून आणल्या त्या इंग्रजीवरून. म्हणजे तीन भाषांतरांच्या पलीकडे मूळ शोधायला जावं, तर तिथे एक बोलणारा माणूस उभा.

छंदाचा तास मात्र मराठी विद्यार्थ्याने कुणाहीपेक्षा जास्त मजेत घालवावा. आठव्या शतकात ख़लील इब्न अहमदने अरबी वृत्तांची मांडणी केली: पंधरा, नंतर एकाची भर पडून सोळा. त्यातलं मुतक़ारिब म्हणजे ‘फ़ऊलुन’ चार वेळा. लघु, गुरू, गुरू. आपला य गण चार वेळा, म्हणजे भुजंगप्रयात, म्हणजे मनाचे श्लोक. ‘फ़ाइलुन’ चार वेळा म्हणजे स्रग्विणी. पण एवढ्याने हुरळून जाऊ नये. भुजंगप्रयातात बारा अक्षरांची जागा ठरलेली, एक लघु इकडचा तिकडे होत नाही. अरबी कवी ‘फ़ऊलुन’चा शेवटचा न् सोडून ‘फ़ऊलु’ करू शकतो, आणि या सवलतीला नाव आहे ‘क़ब्द’, आपल्या कब्जाचाच धातू. सुरेश भटांच्या शहरात गझलेचं वृत्त शिकवताना हा फरक सांगितला जावा असं फार वाटतं.

बोलीचा प्रश्न नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकातली अरबी, म्हणजे फ़ुसहा, घरात कुणी बोलत नाही. ‘आता’साठी ग्रंथात ‘अल्-आन’, कैरोत ‘दिल्वक्ती’, दमास्कसमध्ये ‘हल्ला’, आखातात ‘अल्-हीन’. वर्गात ‘का’ लिहून बाहेर ‘काहून’ विचारणाऱ्या, ‘जात आहे’ लिहून ‘जाऊन राहिलो’ म्हणणाऱ्या माणसाला ही दुहेरी वस्ती ठाऊक असते. १९८८चं नोबेल मिळवणाऱ्या नजीब महफ़ूज़ यांनी कैरोच्या गल्लीतल्या माणसांचे संवादही फ़ुसहातच लिहिले. इंग्रजी भाषांतरात ही निवड दिसतच नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या पात्रांच्या तोंडी प्रमाण मराठी घालायची की नाही, यावर डोकं खाजवलेल्या वाचकाला ती लगेच दिसेल.

शेवटी एक अर्धी ओळ जवळून पाहू. इस्लामपूर्व काळातल्या इम्रु-उल-कैसच्या दीर्घ कवितेची ही सुरुवात: ‘क़िफ़ा नब्कि मिन ज़िक्रा हबीबिन व मन्ज़िलि’. विल्यम जोन्सने ही आणि अशा आणखी कविता अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत नेल्या, आणि टेनिसनला ‘लॉक्सली हॉल’ची कल्पना त्या भाषांतरावरून सुचली. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ती कविता शिकवताना या उंटाच्या वाटेकडे कुणी बोट दाखवत नाही, ही मला खरी उणीव वाटते.

‘क़िफ़ा’ म्हणजे थांबा, पण द्विवचनात. दोघांना सांगितलेलं. इंग्रजी आज्ञार्थात एक, दोन, अनेक काहीच कळत नाही. मराठी ‘थांबा’त दोघंही बसतात आणि आदराने एकटाही. संस्कृतचा ‘तिष्ठतम्’ नेमका बसतो, आणि रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात शिकणाऱ्याला ही जागा चटकन कळेल. रामटेक आलंच आहे तर मेघदूतही येणार. दोन्हीकडे विरह, दोन्हीकडे गावांची-टेकड्यांची नावं. पण यक्षाला प्रियेचा पत्ता माहीत आहे, आणि वाटेवरची नावं तिच्याकडे नेतात. अरबी कवीपुढे उठून गेलेला तळ आहे. दख़ूल आणि हौमल ही कवितेत पुढे येणारी ठिकाणांची नावं ती इथे होती एवढंच सांगतात. साम्याची यादी करण्यापेक्षा हा फरक दोन पानं लिहावा.

मराठी करायला बसलं की पहिला खर्डा होतो: ‘थांबा दोघं, रडू या’. पण ‘नब्कि’त कवीही आहे, म्हणजे थांबणारे दोघं आणि रडणारे तिघं: ‘थांबा दोघं, म्हणजे तिघंही रडू’. मग ‘मन्ज़िल’. न-ज़-ल म्हणजे उतरणं. उंटावरून उतरायची जागा. आपला ‘मजला’ याचाच, पण इथे निरुपयोगी. ‘घर’ लिहिलं तर भिंती उभ्या राहतात. ‘तळ’मध्ये सैन्य येतं. उरतो ‘मुक्काम’, तोही अरबीच, पण उतरण्याचा नव्हे, उभं राहण्याचा. जिथे ती उतरली होती ती जागा मराठीत आली की जिथे ती उभी होती ती जागा होते. दुसऱ्या खर्ड्यात मी तोच ठेवेन: थांबा दोघं, म्हणजे तिघंही रडू, आठवण एका प्रियेची आणि एका मुक्कामाची.